चित्रासारखा नर

बरणीवहिनींच्या हातांवर मी पुष्कळ वर्षं साधा ओरखडाही पाहिला नव्हता. बाकी अंगभर नवऱ्याच्या माराच्या खुणा होत्या. डाव्या भुवईत केस न उगवणारी एक पट्टी होती, खालचा एक दात अर्धा होता, आणि जबडा एकदा निखळून बसल्यामुळे जांभई आली की त्या हनुवटी तळहातानं धरून ठेवत. हात मात्र जसेच्या तसे. राग कितीही डोक्यात गेला तरी हातांना धक्का लावायचा नाही, एवढं भान त्या माणसाला बरोबर राहायचं. घर त्या हातांवर चालत होतं.

आमची आणि त्यांची भिंत एक. पलीकडे दोन खोल्या, मागं फरशीचं अंगण, अंगणात पत्र्याची शेड. शेडमध्ये शाळा-कॉलेजांना पुरवायचे नमुने तयार होत. बरणीत विंचू, बरणीत साप, बरणीत मासा आणि सगळ्यात जास्त म्हणजे बरणीत भेक. भेक हा खरखरीत अंगाचा, पाण्यापेक्षा जमिनीवर जास्त राहणारा बेडूक. गल्लीनं त्या माणसाला बरणीवाला म्हणायला सुरुवात केली, म्हणून त्या बरणीवहिनी. खरी नावं फक्त पोस्टमनला ठाऊक असावीत. फॉर्मलिनचा वास वहिनींच्या केसांत इतका मुरला होता की दुकानात त्या उभ्या राहिल्या की पुढची रांग आपोआप विरळ व्हायची. माझं काम लवकर होतं, असं म्हणून त्या स्वतःच हसत. हसताना अर्धा दात दिसू नये म्हणून ओठ मिटून हसायची त्यांना सवय होती.

बेडकांची पोती सकाळी यायची, ओली आणि आतून हलणारी. बरणीवाला अंगणात पाटावर बसून एकेक भेक बाहेर काढायचा आणि पुढच्या पायांमागं दोन बोटांनी दाबायचा. असं दाबलं की नर ओरडतो. दुसऱ्या नरानं चुकून मिठी मारली तर त्याला हाकलायला त्याच्याजवळ तेवढा एक आवाज असतो. मादी गप्प राहते. ओरडला तो एका टाकीत, गप्प राहिली ती दुसऱ्या टाकीत. गप्प बसते ती मादी, असं बरणीवाला बायकोकडे बघत म्हणायचा आणि त्याची आई उंबऱ्यावर बसून हसायची. हा विनोद रोजचा होता आणि म्हातारी रोज हसायची.

मग मारणं. डाव्या मुठीत भेक धरायचा, अंगठ्यानं त्याचं डोकं खाली वाकवायचं, मानेच्या खळग्यात दाभण खुपसायचं, डोक्यात एकदा गोल फिरवायचं, आणि बाहेर न काढता तेच उलटं वळवून कण्यात उतरवायचं. पाय ताठ व्हायचे, थरथरायचे, मग दोऱ्या तुटल्यासारखे लोंबायचे. डोळ्यांमागच्या गाठींतून दुधासारखं विष उडायचं, म्हणून तो मान वळवून हे काम करायचा. हात न बघता चालत असायचे आणि तोंड आमच्या ह्यांच्याशी गप्पा मारत असायचं. आमचे हे त्या वेळी कुंपणापलीकडे दात घासत उभे असत. पुढं पुढं त्यांनी दात आतच घासायला सुरुवात केली.

पुढचं सगळं वहिनींचं. मेणाच्या ट्रेवर भेक उताणा टाचायचा, पोट उघडायचं, आतडी बाजूला सारायची, पाठीला चिकटलेले अवयव मोकळे करायचे, काचपट्टीवर दोऱ्यानं बांधायचे आणि बरणीत सोडायचे. लग्न होऊन आल्या तेव्हा रक्त बघितलं की त्यांना घेरी यायची. पहिल्यांदा ट्रेसमोर कोसळल्या तेव्हा नवऱ्यानं केसांना धरून त्यांचं तोंड फॉर्मलिनच्या बादलीवर दाबून धरलं. नाकातून रक्त येईपर्यंत सोडलं नाही. नंतर घेरी आली नाही. त्यानं ही गोष्ट माझ्यासमोर सांगितली होती, एखाद्यानं मुलाला पोहायला कसं शिकवलं ते सांगावं तशी.

कॉलेजांना नर हवा असायचा तो पुस्तकातल्या चित्रासारखा. चित्रात सगळं कसं जागच्या जागी. वर चरबीची पिवळी बोटं, खाली लांबट वृषण, आणि दोघांच्या मधोमध, वृषणाच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला मोहरीच्या दाण्यांचा एक झुबका. पुस्तकात त्याला बिडरचं अंग म्हणतात. वाढ अर्ध्यावर थांबलेलं अंडाशय ते. प्रत्येक नर भेकाच्या पोटात असतंच. प्रत्यक्षात पोट उघडलं की काय निघेल त्याचा नेम नसे. कुणात झुबका वृषणाएवढा, कुणात एका बाजूला नुसता ठिपका. कुणाचं वृषण दोन तुकड्यांत. कुणात मूत्रपिंडाच्या कडेनं मादीच्या अंडनळीचा धागा, शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक. कुणात तीच नळी चांगली जाड आणि पिळे पडलेली. सगळे ओरडलेले, सगळे नर, पण आतून एकासारखा दुसरा नाही, असं वहिनी म्हणायच्या. चित्रासारखा निघाला तो बरणीत जायचा. बाकीचे "बाद". बादची बादली वेगळी होती आणि ती कायम भरलेली असायची.

त्या घरात हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी होता. फुटकी कपबशी बाद, आंबलेलं दूध बाद, न ऐकणारा कामगार बाद. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल झालं नाही तेव्हा सासूबाई गल्लीत उभ्या राहून म्हणाल्या होत्या की आमच्या नशिबी ही बाद निघाली. मारायला बरणीवाल्याला कारण लागत नसे, पण कारण हवं असलं तर हे तयार होतं. पट्ट्यानं मारायचा, पायातल्या बुटानं मारायचा, एकदा भरल्या बरणीनं मारलं. डोक्याच्या मागं खोक पडली आणि बरणी फुटली नाही. बरणी चांगली आहे, एवढंच तो म्हणाला. भिंतीपलीकडून आधी त्याचा आवाज यायचा, मग धपधप, मग म्हातारीचं "पुरे आता, उद्या काम आहे." एकदा ह्यांनी न राहवून भिंतीवर मूठ आपटली. दुसऱ्या दिवशी वहिनी मागच्या दारी आल्या. एक डोळा बंद होता.

"भिंत ठोकू नका, ताई," त्या म्हणाल्या. "तुमच्या ठोक्याचे मला वेगळे बसतात."

नरांबद्दल बरणीवाल्याची एक आवडती गोष्ट होती. पूर्वी एका प्राध्यापकानं त्याच्याकडून काही नर भेकांची वृषणं काढून घेतली होती आणि ते भेक जिवंत ठेवले होते. दोन-अडीच वर्षांनी पोटं उघडली तर तो मोहरीचा झुबका फुगून पूर्ण अंडाशय झालेला, आत अंडी. ही गोष्ट तो चहा पिताना सांगायचा. कापलं की नराची बाईल होते, असा तिचा शेवट असायचा, आणि शेवटाला तो समोरच्याच्या पाठीत जोरात थाप मारायचा. लोक चहा सांभाळत हसायचे.

पोती उचलून उचलून त्याच्या जांघेत गाठ आली होती. ती वाढली तरी तो दवाखान्याचं नाव घेईना. एका सकाळी पोतं उचलता उचलता तो तिथंच बसला आणि उलट्या करू लागला. गाठ आत अडकली होती. हार्डवेअरच्या दुकानावर एका सर्जनचा छोटा दवाखाना होता, तिथं नेलं. जिन्यात खालून लोखंड कापायचा आवाज यायचा आणि बाकावर बसलं की पायांखाली थरथर जाणवायची. म्हातारी खालीच थांबली. बाकावर वहिनी आणि मी.

ऑपरेशन चालू असतानाच डॉक्टर बाहेर आले. हातात स्टीलचा ट्रे होता. नातेवाइकांना काढलेली वस्तू दाखवायची पद्धत असते, तशी त्यांनी पुढं धरली, पण नजर वहिनींकडे नव्हती. गाठीत हे अडकलं होतं, म्हणाले. मग फार हळू आवाजात समजावून सांगितलं. आईच्या पोटात प्रत्येक बाळात बाई आणि पुरुष दोन्हींची सुरुवात असते. मुलगा असला की बाईची नळी विरून जाते. क्वचित एखाद्यात ती राहते. ह्यांच्यात राहिली. ही लहानशी गर्भपिशवी, ह्या तिच्या दोन बाजूच्या नळ्या. पुरुष म्हणून त्यांच्यात काही कमी नाही. हे काही वाढत नसतं, बदलत नसतं, कोणाला कळतही नाही. फक्त मूल होणार नाही.

वहिनी ट्रेकडे बघत होत्या. त्यांना दाखवायची गरज नव्हती. त्यांचा तो रोजचाच धंदा.

"होणार नाही," त्यांनी विचारलं, "की होणारच नव्हतं?"

"होणारच नव्हतं."

वहिनींनी मान हलवली. रडल्या नाहीत, बाकावर परत बसल्याही नाहीत. तुकडा तपासायला लॅबमध्ये न्यायचा होता आणि दवाखान्यातल्या आयाबाईला धड झाकणाची बरणी सापडत नव्हती, तेव्हा वहिनी घरी जाऊन बरणी घेऊन आल्या. फॉर्मलिन घातलेली, घट्ट झाकणाची. गावात त्यांच्याइतकी चांगली बरणी दुसऱ्या कुणाकडे असणार? लॅबवाल्यानं एक चकती कापून घेतली, दोन दिवसांनी वाईट काही नाही म्हणून सांगितलं, आणि उरलेलं बरणीसकट परत दिलं.

नवऱ्याला मी स्वतः सांगेन, असं डॉक्टर म्हणाले होते. पण शुद्धीवर येता येता बरणीवाल्यानं कंपाउंडरच्या छातीत लाथ घातली आणि सलाइनचा स्टँड भिंतीवर फेकला. डॉक्टरांनी मग एवढंच सांगितलं की हर्निया होता, थोडं जास्तीचं मांस होतं, काढलं. मी त्यांना दोष देत नाही. मूग गिळून बसायला त्यांच्याजवळ कारण होतं.

तो घरी पडून असताना सासूबाईंनी ठरवलं. नात्यातली एक मुलगी होती, आईबाप नसलेली, मामाकडे वाढलेली. ती दुसरी बायको म्हणून आणायची. मुलगा आता दुरुस्त झालाय, आता मूल होईल. वहिनींना हाकलायचं नव्हतं, कारण मग बरण्या कोण भरणार? त्यांनी शेडमध्ये राहायचं, काम करायचं. घरात ती राहील. येत्या रविवारी आणायची, गाजावाजा न करता. वहिनींनी हे मला शेडमध्ये काम करता करताच सांगितलं. आता भेक मारायचं कामही त्यांच्याकडे आलं होतं. दाभण खुपसून, फिरवून, उलटं करून त्या बोलत होत्या. त्यांनाही मान वळवायची सवय झाली होती.

"सांगितलं तर मला एकदाच मारेल," त्या म्हणाल्या. "नाही सांगितलं तर तिला मारेल. रोज थोडं थोडं. जो दोष तिच्यात नाहीच त्यासाठी."

मी म्हटलं, मुलीच्या मामाला आम्ही सांगू. ह्यांनी जाऊन सांगावं. वहिनी म्हणाल्या, तुमचं कोण ऐकणार? शेजारणीची जीभ म्हणतील. बरोबर होतं ते.

ती बरणी त्यांनी फेकली नव्हती. उलट कधीतरी हात रिकामा होता तेव्हा आतला तुकडा काढून काचपट्टीवर बांधला होता. मध्ये पिशवी, दोन्हीकडे नळ्या पसरलेल्या, दोऱ्याच्या गाठी मागच्या बाजूला. मुद्दाम नव्हे. चांगला टिकलेला नमुना दिसला की त्यांच्या हातांना ते करावंसं वाटायचं, इतकंच. मग झाकण बसवून ती बरणी मागच्या फळीवर, मांजराच्या सांगाड्यामागं ठेवून दिली होती.

शनिवारी दुपारी मी त्यांचं पातेलं परत करायला मागच्या दारानं गेले. बरणीवाला पहिल्यांदाच उठून शेडमध्ये आला होता. एक हात पोटाच्या टाक्यांवर, दुसऱ्या हातानं तो फळ्या तपासत होता. आपण झोपलो तर बायकोनं माल बिघडवला असणार, असं काही बोलत होता. मांजराचा सांगाडा बाजूला केला आणि बरणी हातात घेतली. उजेडात धरली. फिरवून बघितली. मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून वहिनींची स्तुती ऐकली नव्हती, ती त्या दिवशी ऐकली.

"सुरेख बसवलंय," तो म्हणाला. "पहिल्या प्रतीचा माल. लेबल का नाही लावलंस? कोणत्या मादीचं आहे?"

वहिनी ट्रेसमोरून उठल्या. हातातली कात्री त्यांनी खाली ठेवली.

"तुमचं," त्या म्हणाल्या.

तो हसला. त्याला खरंच विनोद वाटला. मग त्यानं बायकोच्या तोंडाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याचा टाक्यांवरचा हात हलला आणि पोटावरून इकडे तिकडे चाचपडू लागला, खिशातलं काही हरवल्यासारखा. वहिनी सांगत होत्या, डॉक्टर जे बोलले ते सगळं, त्याच क्रमानं. हे वाढत नसतं, बदलत नसतं, पुरुष म्हणून काही कमी नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण त्याला ते ऐकू जात नव्हतं. डॉक्टरपेक्षा त्याला भेक जास्त माहीत होते. प्राध्यापकाचे ते नर त्यानं स्वतः कापले होते, स्वतः अंडी बघितली होती.

"किती कापलं?" त्यानं विचारलं. "आत किती राहिलंय?"

मग त्यानं बरणी त्यांच्या तोंडावर फेकली. ती खांद्यावर लागून मागच्या भिंतीवर फुटली आणि फॉर्मलिनच्या वाफेनं आमचे डोळे बंद झाले. मी डोळे उघडले तेव्हा त्यानं त्यांना केसांनी धरून दगडी ओट्यावर आणलं होतं. डोकं एकदा आपटलं, पुन्हा आपटलं. आणि मग त्यानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांचा उजवा हात ओट्यावर पसरला, मनगटावर गुडघा दिला आणि झाकणं ठोकायची लाकडी मोगरी उचलली. आवाज दोन वेळा आला. बोटं मोडल्याचा आवाज एवढा मोठा येतो हे मला माहीत नव्हतं. मी पातेलं त्याच्या पाठीत मारलं. त्याला ते कळलंही नाही. वहिनींच्या डाव्या हाताला ट्रेमधलं दाभण लागलं आणि त्यांनी ते त्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसलं.

तो मागं सरला. दारात म्हातारी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मुलाकडे धावली, बघू तरी बाळा म्हणून. त्यानं मांडीतलं दाभण उपसून फेकलं आणि आईला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं.

"काय काढलंस पोटातून? काय काढलंस ते सांग."

म्हातारी काय सांगणार? त्यानं तिला लोटून दिलं. ती उंबऱ्यावर कमरेवर पडली आणि पडल्या जागी बारीक आवाजात कण्हू लागली. तो तिला ओलांडून अंगणात गेला, नरांच्या टाकीपाशी बसला आणि एक भेक बाहेर काढला. दाभण नाही, कात्री नाही. दोन्ही अंगठ्यांनी त्यानं त्याचं पोट फाडलं. आत बघितलं. फेकला. दुसरा घेतला. ते जिवंत भेक त्याच्या मुठीत ओरडत होते, एकेक, आणि तो फाडत होता, झुबका दिसला की फरशीवर आपटत होता. त्याचे हात कोपरापर्यंत रक्तानं आणि त्या पांढऱ्या विषानं माखले होते. ते डोळ्यांना लागून डोळे लाल झाले होते, पण तो पुसत नव्हता.

"एकात तरी नसेल," तो म्हणत होता. "एकात तरी नसेल."

तो झुबका प्रत्येक नरात असतोच, हे आयुष्यभर तोच माल विकणाऱ्या त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी तो शोधत राहिला. टाकी संपली तेव्हा तो माद्यांच्या टाकीकडे वळला.

त्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे परत त्याच्याकडे यायला नको. त्याला काहीही झालं नाही. डॉक्टर म्हणाले होते तसाच तो राहिला. दाढी तशीच, आवाज तसाच, मूठ तशीच. रोज सकाळी तो अंगणातल्या आरशासमोर शर्ट काढून उभा राहायचा आणि छाती दाबून बघायचा, हे आम्हाला खिडकीतून दिसायचं. भेक आणणं बंद झालं, विंचू-सापांवर त्यानं धंदा रेटला. म्हातारीचं खुब्याचं हाड नीट जुळलं नाही. ती शेवटपर्यंत त्याच्याजवळच राहिली आणि आता भिंतीपलीकडून येणारा आवाज तिचा असायचा. वहिनी त्या घरात परत गेल्या नाहीत. वाकड्या जुळलेल्या बोटांनी त्यांनी पुढं एका इस्पितळात चादरी-पट्ट्या निर्जंतुक करायच्या खात्यात वर्षानुवर्षं काम केलं आणि वरिष्ठांशी अधूनमधून कडाक्याची भांडणं केली. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेत गेल्या.

त्या दुपारी मात्र त्यांनी दवाखान्यात जायला साफ नकार दिला. हात फडक्यात गुंडाळला, दुसऱ्या फडक्यानं कपाळ बांधलं आणि म्हणाल्या, आधी मुलीकडे. मी त्यांचं कोपर धरून बरोबर निघाले. रस्त्यात लोक बघत होते आणि बघून दुसरीकडे बघत होते.

मुलीचा मामा गाद्या भरायचा. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, उभा लोखंडी जिना, आणि वर पाऊल ठेवताच नाकात जाणारा कापूस. खोलीच्या मधोमध जुन्या गादीचा कापूस ओतलेला होता आणि ती मुलगी काठीनं तो झोडत होती. केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापूस. वय असेल एकोणीस-वीस. आम्हाला बघून तिची काठी थांबली, मग मामानं बघितल्यावर परत चालू झाली.

वहिनींनी उभ्या उभ्या सांगितलं. ऑपरेशन, पिशवी, डॉक्टरांचं बोलणं. मूल होणार नाही आणि मार मात्र मूल झालं नाही म्हणून बसेल, हेही सांगितलं. त्यांना वाटलं होतं की ही गोष्ट एकदा कानावर पडली की काम झालं. मामानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"आता काढलं ना ते?" तो म्हणाला. "मग प्रश्न काय राहिला?"

एवढं मोठं सत्य पोटाशी धरून वहिनी रक्त गाळत आल्या होत्या आणि ते त्या माणसाच्या एका वाक्यात संपलं. मामा पुढं म्हणत होता की माणूस कमावता आहे, घर आहे, मुलीला काय हवं आणखी. पुरुषाच्या पोटात काय आहे ते बघून कोणी मुलगी देतं का?

काठी थांबली होती. मुलीनं पापण्यांवरचा कापूस मनगटानं पुसला. पिशवीबद्दल तिनं काही विचारलं नाही. कदाचित तिला ते नीट समजलंही नसेल.

"मारतात का?" तिनं वहिनींना विचारलं.

वहिनींनी हातावरचं फडकं सोडलं. बोटं सुजून एकमेकांत गेली होती आणि एक मागं वळलं होतं. "हे आजचं," त्या म्हणाल्या. "बाकीचं बसून सांगावं लागेल."

"कोण मारत नाही?" मामा म्हणाला, आणि मुलीच्या तोंडावर एक ठेवून दिली, जणू पुरावाच दिला. तिचा ओठ फुटला. वहिनी मध्ये गेल्या. दुसरा फटका मुलीसाठी होता, तो त्यांच्या मोडक्या हातावर बसला, आणि इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून मी जी किंकाळी कधी ऐकली नव्हती ती बाहेर पडली. खाली सायकलवाल्याचा पंप बंद झाला. जिन्यात पावलं वाजली.

मामाचा हात पुन्हा वर गेला होता. मुलीनं काठी दोन्ही हातांत धरली आणि त्याच्या गुडघ्यावर मारली. रागानं वगैरे नाही. कापूस झोडतात तशी, मनगटातून, नेमकी. तो कापसात बसला. उठायला गेला तेव्हा तिनं दुसऱ्या गुडघ्यावर मारली. सायकलवाला दारात येऊन उभा राहिला होता, त्याला बघून मामा गुडघे धरून म्हणाला की बघा, हिला वाढवली. सायकलवाल्यानं मुलीचा ओठ बघितला, वहिनींचा हात बघितला, आणि दारातून बाजूला झाला.

मुलीनं काठी टाकली नाही. भिंतीजवळच्या चपला तशाच पायांत घातल्या आणि आमच्या पुढं जिना उतरायला लागली. अर्ध्या जिन्यात ती वळली. ओठातून रक्त येऊन हनुवटीवरचा कापूस लाल झाला होता.

"तुम्ही कुठं राहता?" तिनं विचारलं.

वहिनी कठड्याला टेकल्या. मग त्या हसल्या, ओठ न मिटता, अर्धा दात दिसेल असं.

"आजपासून ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आमच्याकडे दोन खोल्या आहेत आणि हे घोरतात. पण आधी हाडाच्या डॉक्टरकडे. मुलीनं काठी डाव्या हातात घेतली, वहिनींच्या चांगल्या हाताखाली आपला खांदा दिला, आणि आम्ही उतरलो.